पातळ नमुना

४ फेब्रुवारी

ताई,

पत्रास कारण, मी चोरी करताना पकडले गेले. घाबरू नकोस. या वेळी गोळ्यांची नव्हती, पत्राची होती.

एकोणीस वर्षांनी बहिणीला लिहायला बसायचं आणि सुरुवात ही अशी करायची, हे तुला आवडणार नाही. पण 'प्रिय' लिहून पाहिलं आणि खोडलं. 'आदरणीय' लिहिलं तर रजेचा अर्ज वाटायला लागला. शेवटी नुसतं 'ताई' ठेवलं. तेवढं तरी आपल्याकडून कुणी काढून घेतलेलं नाही.

मी अकरा वर्षं तुरुंगात आहे, हे तुझ्या कानावर आलंच असेल. म्हणजे कामाला. इथे कैद्यांची व्यसनं सोडवायचा वेगळा विभाग आहे, तो मी चालवते. एक खोली, अकरा खुर्च्या, एक फळा. खिडकीबाहेर धुलाईघर आहे, त्यामुळे काच कायम वाफेने ओली. भिंतीपलीकडे शिवणखाना. तिथली मशिनं सुरू झाली की आम्हाला ओरडून बोलावं लागतं, आणि मनातलं दुःख ओरडून सांगणं किती अवघड असतं ते एकदा करून बघ. दहा जण आणि मी गोलात बसतो. माझा एक नियम आहे, जे काम त्यांना द्यायचं ते मीही करायचं.

चौथ्या महिन्यात सगळ्यांना एक पत्र लिहावं लागतं. ज्याचं आपण वाईट केलं, त्याला. ते आधी गोलात मोठ्याने वाचायचं, मग पोस्टात टाकायचं. अकरा वर्षांपूर्वी मीही लिहिलं. एका मैत्रिणीला, तिची पुस्तकं परत केली नाहीत आणि आजारपणात तिला भेटायला गेले नाही म्हणून. अशी मैत्रीण मला कधी नव्हतीच. तेव्हापासून प्रत्येक तुकडीला मी तेच वाचून दाखवते. शेवटच्या ओळीला आवाज थोडा कापरा करते. चांगलं जमतं मला.

या तुकडीत एक जण आहे, शाळेत शिकवायचा म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. दारू पिऊन गाडी चालवली, माणूस गेला. शिक्षा भोगून तीन वर्षांपूर्वी सुटला, परत पिऊन गाडीवर बसला, परत आत आला. म्हणजे माझ्या वर्गात नापास होऊन दुसऱ्यांदा बसलेला. माझं वाचून झालं तसा त्याने विद्यार्थ्यासारखा हात वर केला.

"मॅडम, हे आम्ही मागच्या वेळी ऐकलंय. तेव्हा पुस्तकं चार होती. आता तीन झालीत."

सगळे हसले. शिवणखान्यात कामाला असलेला एक जण आहे, त्याला शिंपी म्हणतात. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग आम्ही खरं कशाला लिहिलं?"

पितळ असं उघडं पडलं. म्हणून हे पत्र. हेही गोलात वाचायचं आहे, तेव्हा हातचं राखून लिहिते. आपल्यात काय झालं ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, दहा जणांना कशाला. एवढंच म्हणते, आई गेली त्या दिवशी मी तुला जे बोलले ते बोलायला नको होतं. उत्तर पाठवायची गरज नाही.

तुझी धाकटी


२० फेब्रुवारी

ताई,

पहिलं पत्र गोलात वाचलं. मास्तरने दहापैकी पाच मार्क दिले. म्हणाला, "भाषा बरी आहे. मजकूर कमी आहे." मग पोस्टात टाकायची परवानगी मिळाली.

हे दुसरं कुणी मागितलेलं नाही आणि हे कुणाला वाचून दाखवायचं नाही. का लिहितेय ते विचारू नकोस. एकदा तोंड उघडलं की मला बंद करता येत नाही, हे तू लहानपणापासून बघत आलीस.

शिंप्याबद्दल लिहायचं होतं. वेदना कमी करायच्या गोळ्यांपायी घर धुऊन काढलं, मग दुसऱ्यांची घरं फोडली. इथे आला तेव्हा सुईत दोरा ओवता येत नव्हता, एवढे हात थरथरायचे. नऊ महिने झाले, काही घेतलेलं नाही. आता लांबच्या लांब शिवण सरळ मारतो. चौदा मार्चला त्याची सुनावणी आहे, शिक्षा उरलेली असताना सोडायचं की नाही याची. दुसरीतली एक पोर आहे, त्याच्या आईकडे राहते. ती रोज तारखेवर फुली मारते, असं तो सांगतो. सांगताना नाक खाजवतो, म्हणजे डोळे पुसलेले कळू नयेत.

दर सोमवारी सगळ्यांच्या लघवीची तपासणी होते. नमुना हवालदार आणतो, पट्टी मी वाचते, वहीत मीच लिहिते. पट्टीवर दुसरी रेघ उमटली की माणूस स्वच्छ. नाही उमटली तर पोटात काहीतरी गेलंय. उलटं वाटतं, पण तसंच असतं. तुला मी काय सांगणार, तुझा जन्म औषधांत गेला.

गेल्या सोमवारी शिंप्याची रेघ नीट आली नाही. म्हणजे होती की नव्हती, सांगता येत नव्हतं. अंधूक. मी वहीत लिहिलं, 'नमुना पातळ, पुन्हा घ्यावा.' पाणी जास्त प्यायलं की होतात नमुने पातळ. चार दिवसांनी परत घेतला, स्वच्छ रेघ आली. विषय संपला.

इकडे सगळं ठीक आहे. माझी कंबर दुखते. खुर्च्या लाकडी आहेत.

तुझी धाकटी


५ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. एकोणीस वर्षांनी पाच ओळी:

"दोन्ही पत्रं मिळाली. नमुना पातळ नव्हता. पातळ असता तर तू मला लिहिलं नसतंस. वरच्यांना सांगितलंस का? माझी तब्येत बरी आहे."

वाचलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, हिला अजून तेवढंच येतं. कार्ड खणात फेकलं, खण ढकलून दिला आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिले. दुसऱ्या दिवशी शिंपी आला, हातात खुर्चीवर ठेवायची उशी. गणवेशाच्या उरलेल्या कापडाची, कडेला दुहेरी शिवण.

"मॅडम, तुमची कंबर दुखते ना, म्हणून." मग हळूच, "तुम्ही होतात म्हणून वाचलो. हे उपकार मी विसरायचो नाही."

दारापर्यंत गेला आणि वळला. "येत्या सोमवारी शिवणखान्यात काम फार आहे. माझी तपासणी बुधवारी ठेवली तर बरं होईल."

ताई, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. तो माझाच आहे. आईचे पाय चेपून झाले की मी याच आवाजात म्हणायचे, "आई, तुझ्यातली एक गोळी दे ना, डोकं फुटतंय." आई द्यायची. ताईला सांगू नकोस, म्हणायची. आईच्या गोळ्या पुरेनात, तेव्हा मी तुझ्या किल्ल्यांकडे वळले.

आता हातचं काही राखत नाही. रेघ अंधूक नव्हती, दुसऱ्या रेघेची जागा कोरी होती. बघताक्षणी कळलं होतं. मला ती पोर फुल्या मारताना दिसली आणि हाताने 'पातळ' लिहून टाकलं. हे प्रेम आहे असं मी स्वतःला पटवलं. आईलाही तसंच वाटत असणार.

आणखी एक लपवलं. मागच्या वर्षी इथून एक गवंडी सुटला. त्याच्या सगळ्या पट्ट्या स्वच्छ होत्या. बाहेर पडल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने जुन्या मापाने घेतली आणि गेला. महिनोन् महिने न घेतलेल्या शरीराला जुनं माप झेपत नाही, हे मी दर आठवड्याला फळ्यावर लिहून शिकवते. त्याची बायको मला विचारत होती, "तो तर बरा झाला होता ना, मॅडम?" शिंपी तर बराही झालेला नाही. चौदा तारखेला तो फाटकाबाहेर गेला, तर त्या पोरीकडे तो किती दिवस राहील हे मला सांगता येईल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आणि आपलं. ते तुला माहीत आहे, पण मला ते माहीत आहे हे तुला माहीत नाही. मी त्या रुग्णालयात नवी मानसतज्ज्ञ, तू तिथल्या औषध भांडाराची प्रमुख. सात महिने मी तुझ्या पर्समधून किल्ली काढून कपाट उघडत होते. वहीत वारलेल्या रुग्णांची नावं घालत होते, ते तक्रार करायला येत नाहीत म्हणून. तू वही ताडून पाहिलीस आणि सकाळी नेऊन अधीक्षकांच्या टेबलावर ठेवलीस. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. किल्ली तुझी, म्हणजे ठपका तुझ्यावरही येणार हे तुला कळत होतं. आलाच. माझी नोकरी गेली, आणि तुला तळघरात जुन्या फायलींवर बसवलं, निवृत्त होईपर्यंत. मी लोकांना फक्त माझ्या नोकरीचं सांगत आले.

तुझ्या तक्रारीच्या शेवटी तुझ्या अक्षरात एक ओळ होती. "हिला आज घरी पाठवू नये, उपचारासाठी दाखल करून घ्यावे." ती मी त्याच दिवशी वाचली होती, ताई. तिच्यामुळेच मला दाखल केलं. कुणालाही कधी सांगितली नाही. सांगितली असती तर तुला वाईट ठरवता आलं नसतं, आणि आई गेली तेव्हा भर माणसांत 'सख्ख्या बहिणीने मला संपवलं' असं म्हणता आलं नसतं.

तू ऐकून घेतलंस आणि आत जाऊन जमलेल्या माणसांना पाणी आणून दिलंस. मलाही दिलंस.

सुनावणीला नऊ दिवस आहेत. उद्या सकाळी वही घेऊन जाते.

धाकटी


१२ मार्च

ताई,

गेले. वही घेऊनच गेले.

तुरुंगाचे मुख्य अधिकारी, आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणतो, माणूस वाईट नाही. त्यांनी वही उघडली, वाचली, मिटली. म्हणाले, "मॅडम, हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं."

"माझ्या आलं होतं."

"वरचे लोक तुमचा विभाग बंद करायला टपलेलेच आहेत. एका पट्टीपायी त्यांच्या हातात कोलीत कशाला देताय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी म्हटलं, "बंद झाला तर दहा जणांचं नुकसान होईल. आणि खोटा चालू राहिला तर..." चक्क रडले त्यांच्यासमोर. तू कशी गं गेली होतीस, डोळ्यांत टिपूस न आणता? का आणून, पुसून मग आत गेलीस? हे मी कधी विचारलंच नाही.

मला लेखी समज मिळाली. पट्ट्या आता दवाखान्यातली परिचारिका वाचेल, मी नाही. विभाग बंद केलेला नाही, सहा महिने नजर ठेवणार आहेत. शिंप्याची सुनावणी चार महिने पुढे गेली.

चूक करणाऱ्याने ती गोलात सांगायची, हा आमचा नियम. तेव्हा तिथेही सांगितलं. पट्टीचं सांगितलं, मग आपल्या कपाटाचं, किल्लीचं, वारलेल्या माणसांच्या नावांचं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पलीकडची मशिनं चालू होती, म्हणून ओरडून सांगितलं.

शिंपी उठला. "पोरीला काय सांगू? तुम्ही सांगा मला, काय सांगू? सांगायचंच होतं तर त्याच सोमवारी सांगायचं. आधी पाठीशी घालायचं आणि मग लाथ मारायची, याला काय म्हणतात?"

"ते माझं चुकलं," मी म्हटलं. "त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"तुम्ही बुडवलंत मला."

त्याने येऊन माझ्या खुर्चीवरची उशी ओढली. मला उठावं लागलं. उशी काखेत मारून तो निघून गेला. इतक्या गंभीर प्रसंगात मला एका बाजूने हसू येत होतं, त्याबद्दल मला माफ कर.

सगळे गेल्यावर मास्तर खुर्च्या लावायला थांबला. सात मार्क, म्हणाला. बाकीचे तीन कुठे गेले ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

खरं सांगू, त्या संध्याकाळी घरी जाताना मला फार बरं वाटत होतं. चपला हातात घेऊन चालावं असं. तुझी आठवण आली आणि पहिल्यांदा तिच्याबरोबर राग आला नाही. मी मागे वळून पाहिलं, कुठे राहिला म्हणून.

धाकटी


१६ एप्रिल

ताई,

महिनाभर लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं आणि भीती मात्र होती. शिंपी गोलात यायचा बंद झाला. परिचारिकेकडून त्याच्या पट्ट्या कळायच्या. पहिली कोरी. दुसरीही कोरी. तिसऱ्या आठवड्यात रेघ आली. चौथ्यात आली. माझ्याशी तो बोलत नव्हता. मार्गिकेत समोरून आला तर भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, हवालदाराला वाटायचं झडती द्यायला थांबलाय.

आज आला. गोल सुरू झाल्यावर, न विचारता. हातात एक नवा शर्ट होता, निळ्या रेघांचा. सुटताना घालायला त्याने स्वतःच शिवलेला. बसला आणि कॉलर उसवायला लागला. कात्री आत आणता येत नाही, म्हणून दातांनी. आम्ही सगळे बघत होतो. कॉलरच्या आतून एकेक करून अकरा गोळ्या निघाल्या. त्या त्याने गोलाच्या मध्ये जमिनीवर ठेवल्या.

"चौदा तारखेसाठी ठेवल्या होत्या," तो म्हणाला. "बाहेर पडलो की त्याच दिवशी. सगळ्या एकदम."

फळ्यावर मी दर आठवड्याला काय लिहिते ते सगळ्यांना पाठ आहे. कुणाला काही समजावून सांगायची वेळ आली नाही. मी खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"हे तुमच्यासाठी आणलेलं नाही," तो मला म्हणाला. "पोरीसाठी आणलंय. तुमचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, आणि जन्मभर जायचा नाही."

"चालेल," मी म्हटलं.

मास्तर म्हणाला, "जन्मभर म्हणजे तू लांबचा बेत केलायस."

शिंपी हसला नाही. पण उठूनही गेला नाही. तास संपेपर्यंत बसला, माझ्याकडे पाठ करून, आणि मी त्याच्या पाठीकडे बघत होते. ताई, मला इतका आनंद झाला होता की फळ्याकडे जाऊन उगाच जुनं पुसत उभी राहिले.

गोळ्या मी उचलल्या नाहीत. परिचारिकेला बोलावलं, तिने मोजून नेल्या. सोमवारी तिच्या वहीत सगळं नीट नोंदलेलं असेल.

तुझं दुसरं कार्ड मिळालं. "रविवारी दुपारी घरी असते. जिना दुरुस्तीला काढलाय, मागच्या दाराने ये." एवढंच. माफ केलं की नाही, काही नाही. तू आहेस तशीच आहेस, आणि त्याबद्दल आज मी कुणाचे तरी हात धरावेत इतकी सुखी आहे.

मी तुला जे सांगायचं ते समोर बसून सांगणार होते, पण तुझ्यासमोर माझी बोबडी वळते, म्हणून आधी लिहून ठेवते. त्या सकाळी तू वही मिटून ठेवली असतीस, तर तुझं पद राहिलं असतं. आपलं भांडणही झालं नसतं. मी तुझी लाडकी धाकटी राहिले असते, आणि तुझ्या भिंतीवर माझा फोटो असता. तू त्यापेक्षा माझा राग पत्करलास. आणि मी तो काटकसर न करता केला, वर्षामागून वर्ष, वाढदिवसांना, आजारपणांत, आईच्या अंथरुणाशी.

एकोणीस वर्षं तुझ्यावर रागवायला मी होते, ताई. मी होते. तेवढं सांगायला रविवारी येते, मागच्या दाराने.

तुझी धाकटी